पॅन एफ, वाईचा घाट आणि मे महिन्यातलं पाणी

रविवार, ४ मे

वाईला काढलेल्या फोटोंचा रोल आज सकाळी सातच्या आत धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला घेतला. या दिवसांत गच्चीवरची टाकी नऊपर्यंत तापते आणि मग नळाला कोमट पाणीच येतं. घाईचं दुसरं कारण फिल्मचंच. बाकीचे रोल मी साठवते, दोन-तीन जमले की एकदम धुते. इलफर्ड कंपनीच्या पॅन एफ प्लस या कृष्णधवल फिल्मला तसं चालत नाही. तीन महिन्यांच्या आत डेव्हलप करा, असं कंपनीच सांगते. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मी महिन्याच्या पुढे जाऊ देत नाही.

फिल्म ५० आयएसओची (आयएसओ म्हणजे प्रकाशाला किती लवकर दाद देते त्याचा आकडा), अगदी मंद. चांदीच्या क्षाराचे स्फटिक बारीक, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला येणारा प्रकाश थोडा, म्हणून ती मंद. आणि स्फटिक बारीक असल्यामुळेच मोठ्या प्रिंटमध्येही ग्रेन, म्हणजे चित्रातला रवाळपणा, डोळ्यांत खुपत नाही. शटर उघडून मिटलं की प्रकाश लागलेल्या स्फटिकांवर चांदीचे मोजके अणू तयार होतात. धुण्याआधी चित्र असतं ते एवढंच. डेव्हलपर त्या मोजक्या अणूंच्या आधाराने अख्खा स्फटिक चांदीत बदलतो. पण तो पोचायच्या आत उकाड्याने, दमट हवेने, नुसत्या दिवस जाण्यानेही ते अणू विरू शकतात. सावलीच्या भागात ते मुळातच कमी, तेव्हा फटका आधी तिथे बसतो. म्हणून मला ही फिल्म फार जिवंत वाटते. फोटो काढताना ती थांबायला लावते आणि काढून झाल्यावर रेंगाळू देत नाही. निवांतपणासाठी मंद फिल्मकडे वळणाऱ्यांना मी ही दुसरी बाजू आवर्जून सांगते.

वाईला कृष्णेच्या घाटावर सगळा काळा दगड. वैशाखाच्या उन्हात पायऱ्यांच्या कडा पांढऱ्याफटक दिसतात आणि कमानीखाली पार काळोख. त्यात पॅन एफचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त. डबीवरच्या ५० प्रमाणे प्रकाश मोजायचं मीटर लावलं तर कमानीतल्या दगडाचा नुसता काळा ठोकळा होतो, पाथरवटाच्या टाकीच्या खुणा जातात. आणि मला तर त्या खुणाच हव्या असतात. म्हणून मी तिला २५ ची समजते, एक्स्पोजर दुप्पट देते आणि डेव्हलपिंग कमी करते. सावलीसाठी एक्स्पोज करा, उजेडासाठी डेव्हलप करा, हा डार्करूममधला जुना नियम इथे अक्षरशः लागू पडतो. उघड्या उन्हात एफ/८ या छिद्राला १/१२५ सेकंदाचं शटर मिळतं. तिथून चार पावलं आत कमानीखाली गेलं की तेच १/८ वर येतं. ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही.

ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी फुटून दोन्हीकडून निघून जावं म्हणून. रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. भिंतीची ती धार उतरत्या उन्हात बघावी. एक अंग उजळलेलं, दुसरं सावलीत, आणि मधली रेषा वरपासून खालपर्यंत सलग. ऊन उतरायची वाट बघत उभी होते, तेव्हा धुणं धुणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "एवढा वेळ काय बघताय?" म्हटलं, "काकू, ऊन खाली यायचंय अजून." "मग सावलीला बसा की," म्हणाल्या आणि बादली सरकवून पायरीवर जागा करून दिली. अर्धा तास त्यांच्याशेजारी बसले. यंदा पाणी कुठवर खाली गेलंय ते त्यांनी पायऱ्यांवर बोट ठेवून दाखवलं.

वाईजवळच्या मेणवलीची घंटा शेवटी घेतली. १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तिथून आलेली ही चर्चमधली घंटा. संध्याकाळी एफ/१६ ला मीटर ४ सेकंद दाखवत होतं, मी ६ च्या थोडं पुढे गेले. एक सेकंदाच्या वर ही फिल्म आणखी सुस्तावते. मीटरने १० सेकंद सांगितले असते तर २१ द्यावे लागले असते.

डेव्हलपर आयडी-११, पाण्यात निम्मा-निम्मा. २० अंशाला साडेआठ मिनिटं हा ठरलेला वेळ, मी सात दिले. आता मे महिन्यात २० अंश आणायचे कुठून? मोठ्या टबात पाणी, त्यात पिशवीत बांधलेला बर्फ, आणि त्या पाण्यात डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो, धुवायचं पाणी अशा सगळ्या बाटल्या उभ्या. एकट्या डेव्हलपरला गार करून भागत नाही. पुढचं पाणी एकदम गरम आलं तर फिल्मवरच्या फुगलेल्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडू शकतात.

सोसायटीत सध्या टँकर चालू आहेत. नळाखाली अर्धा तास रोल सोडून देणं मला पटत नाही. इलफर्डचीच पद्धत आहे: फिल्म धुवायचा छोटा बंद टँक भरून पाच वेळा उलटा-सुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टँक पाण्यात फिल्म स्वच्छ होते. टँकरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटची बुचकळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चांगलं चालतं.

रोल बाथरूममध्ये टांगला आणि आधी कडेचे आकडे पाहिले. फिकट, जेमतेम वाचता येतील असे. पॅन एफमध्ये असं बऱ्याचदा दिसतं. ते आकडे कारखान्यात प्रकाशाने उमटवलेले असतात, माझ्या फोटोंच्या कितीतरी आधी, आणि फिल्म माझ्या हाती येईपर्यंत विरत आलेले असतात. शेजारच्या फ्रेममध्ये मात्र कमानीतला दगड पूर्ण आलाय, टाकीच्या खुणांसकट. घंटेच्या काठावरही पुरेसा तपशील आहे. देवळाच्या भिंतीची उजळ बाजू जरा दाट वाटतेय, तिला पुढच्या वेळी साडेसहा मिनिटं पुरतील. प्रिंट आधी त्याच फ्रेमची करणार.

कॅमेऱ्यात नवा रोल भरून डबीवर तारीख लिहिली. जूनमध्ये पाणी चढायच्या आत मेणवलीच्या खालच्या पायऱ्या घ्यायच्या आहेत. जुलैच्या ढगांत २५ ला काही निभायचं नाही, तेव्हासाठी एचपी५ ही जलद फिल्म मागवायला हवी.