माहेरचे आडनाव

माझ्या लग्नपत्रिकेत वधूपित्याचे आडनाव 'आपदागिरे' असे छापून आले होते. छापखाना घराजवळच, शुक्रवार पेठेत होता आणि मुद्रित अण्णांनी स्वतः तपासले होते. तरीही खिळे जुळवणाऱ्याने ऐन वेळी त्याला ठाऊक असलेला शब्द बसवून टाकला. ३०० पत्रिका पुन्हा छापण्याइतका वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता, म्हणून अण्णा रात्री दाढीचे ब्लेड आणि काळी शाई घेऊन बसले. 'आ'चा काना खरवडून निघत होता, परंतु 'प'चा 'ब' काही केल्या होईना. शेवटी आत्या म्हणाली, "राहू दे रे दादा. लेक सासरी गेली आणि आपदा टळली, एवढंच म्हणतील लोक." त्या पत्रिका तशाच वाटल्या गेल्या.

आमचे आडनाव अबदागिरे. मी ते २५ वर्षे लावले आणि मग पाटील झाले. सोलापूर जिल्ह्यात कोणत्याही एस. टी. स्टँडवर उभे राहून "ओ पाटील" अशी हाक मारली, तर दहा माना वळतात. माहेरचे आडनाव मात्र उच्चारल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग "काय म्हणालात?" असे विचारतो. कोणी त्याचे 'अब्दुल गिरी' करतो, कोणी 'आबादगिरे' लिहितो. शेवटचे 'गिरे' तेवढे ऐकू आले, तर आम्ही गोसावी आहोत असे समजून कोणी भावाला मठ कुठला असे विचारतो. शाळेत आम्हा पाच कुलकर्णी मुलींना बाई वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरावरून वेगळे करत, असे माझी एक मैत्रीण अजून सांगते. माझ्यावर ती वेळ कधीच आली नाही, परंतु वर्षाच्या पहिल्या हजेरीला माझ्या नावापाशी बाईंचे बोट अडखळत असे, आणि वर्ग त्या क्षणाची वाट पाहत असे.

वास्तविक विचित्र आडनावाने सोलापूरकराला दचकण्याचे काही कारण नाही. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा कानांवर पडल्याशिवाय या गावात दिवस मावळत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत आडनावाला 'इंटिपेरू', म्हणजे घराचे नाव, म्हणतात आणि ते व्यक्तीच्या नावाच्या आधी लावतात. शाळेत दाखल करून घेताना आमच्या जुन्या शिक्षकांची यात हमखास गफलत होई आणि मुलाचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसे. कानडीत आडनावाला 'अड्डहेसरु' म्हणतात. मराठीतल्या 'आडनावा'ची घडण तीच आहे. मुख्य रस्त्याशेजारून जाणारी ती आडवाट, तसे मूळ नावाशेजारचे ते आडनाव. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांचे मानकरी हिरेहब्बू आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या नावात हिरे-माणके दिसतात. कानडीत 'हिरे' म्हणजे थोरला. हिरेमठ आडनावातला 'हिरे'ही तोच. आपल्याकडची आडनावे अशी शेजारच्या भाषेच्या चाव्यांनी उघडतात. आमच्या आडनावाची चावी मात्र बरीच लांबची, फारसीतली निघाली.

'आफ्ताब' म्हणजे सूर्य आणि 'गीर' म्हणजे धरणारा, अडवणारा. आफ्ताबगीर म्हणजे ऊन अडवणारे साधन. मराठीच्या जिभेवर घोळून त्याचे अबदागीर झाले. फारसीतला 'फ' मराठीत असा दुसऱ्या ओष्ठ्य वर्णाकडे सहज सरकतो. फोतेदाराचा पोतदार झाला, तोही याच वाटेने. अकबराच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलने राजचिन्हांमध्ये सायबान सांगितले आहे: लंबगोल आकाराचे, सुमारे एक गज लांबीचे, जरीच्या कापडाने मढवलेल्या दांड्याचे, आणि बादशहावर ऊन येऊ नये म्हणून एका सेवकाने धरायचे. यालाच आफ्ताबगीर असेही म्हणतात, असे तो पुढे नोंदवतो. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा, खोटे कशाला सांगू, अण्णा हयात नाहीत याचे फार वाईट वाटले.

ही वस्तू ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी आषाढी वारीच्या शेवटच्या टप्प्यात वाखरीला जावे. माऊलींच्या पालखीबरोबर छत्र, चामर आणि अबदागिरी असते. मी तेथे दोन वर्षांपूर्वी, दुपार कलल्यावर, मुद्दाम तेवढ्यासाठी उभी होते. उंच काठीच्या टोकाला मोठ्या पानाच्या आकाराची मखमल आणि त्यावर जरीचे भरतकाम. छत्र डोक्यावर आडवे धरतात; अबदागीर उभी आणि बाजूने धरतात, कारण तिचा उपयोग कलत्या उन्हासाठी आहे. पालखी वळली की ऊन दुसऱ्या गालावर येते, आणि मग ती धरणाऱ्याला बाजू बदलावी लागते. गर्दीतल्या बाकी सर्वांचे डोळे पालखीकडे होते. त्या माणसाची नजर मात्र सूर्य आणि पालखी यांच्यामध्ये सारखी येरझारा घालत होती. त्याच्या मनगटावर शीर तटतटली होती. स्वतः तो अर्थातच उन्हात होता.

ही काठी धरणारा तो अबदागिऱ्या, आणि अबदागिऱ्याचे आदरार्थी अनेकवचन अबदागिरे. म्होरक्याचे म्होरके होते तसेच. मराठी आडनावे पुष्कळदा अशा अनेकवचनातच गोठली आहेत. काळा, गोरा या विशेषणांची काळे आणि गोरे ही आडनावे याच नियमाने झाली. 'अबदागीर' लिहिताना 'गी' दीर्घ आणि 'अबदागिरे' लिहिताना 'गि' ऱ्हस्व, ही शुद्धलेखनातली बारीक गोष्ट अण्णांना जिवाभावाची होती. आमच्या दारावरची पाटी रंगवणाऱ्याने वेलांटी दीर्घ काढली, तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून ती पुसायला लावली होती.

हे आडनाव इतके विरळ का, याचे उत्तर आमच्या घरात नेहमी कुळाच्या मोठेपणात शोधले गेले. आजोबा सांगत की आपल्या मूळ पुरुषाने प्रत्यक्ष छत्रपतींवर अबदागीर धरली. थोरल्या चुलत्यांनी पुढे त्यात भर घातली, कारण आमचे मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात भीमेकाठी आहे आणि तेथून जवळच, माचणूरपाशी, ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. मग मूळ पुरुष छत्रपतींकडचा की बादशहाकडचा, यावरून दिवाळीच्या फराळाला दोघांचा वाद होई. मला दोन्ही कथा मान्य नाहीत. ज्या घराला जुना कागद नसतो त्या घराच्या कथेत राजा हमखास येतो, असा माझा अनुभव आहे, आणि माझ्या सासरचे पाटीलही याला अपवाद नाहीत.

कारण त्याहून साधे आहे आणि ते नेमणुकांच्या संख्येत आहे. गाव तेथे पाटील लागतोच, कारण वसूल गोळा व्हायला हवा. पाटील तेथे कुलकर्णीही लागतो, कारण वसुलाचा हिशेब लिहायला हवा. परगण्याला देशमुख आणि देशपांडे लागतात. जितकी गावे तितकी वतने, आणि वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे ते नाव प्रत्येक घराला कायमचे चिकटले. दरबारी हुद्द्यांची आडनावे त्या मानाने कमी. फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दाचा 'नीस' होऊन फडणीस, चिटणीस, वाकनीस, पारसनीस तयार झाले; पण ही माणसे राजधानीत किंवा किल्ल्यावर लागत, गावोगाव नव्हेत. अबदागिरीची गरज तर याहूनही थोडी. एका देवाला किंवा एका सरदाराला ती धरणारी एकदोन माणसे पुरतात, आणि ज्या देवाची पालखी वर्षातून एकदा निघते त्याच्या सेवेकऱ्याने उरलेले सगळे दिवस शेतीच केली असणार. आमच्या विरळपणाचा अर्थ 'राजघराण्याजवळचे' असा नसून 'जागा कमी असलेले' असा आहे, हे मी भावाला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा थोडा उतरला.

कागद अखेर निघाला, तोही अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, आजीच्या इरकली लुगड्याखालून. इंग्रजी अमलातल्या स्टॅम्पावरचे ते मोडीतले खरेदीखत होते. मोडी वाचणारे गृहस्थ आमच्या ओळखीतून मिळाले. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो, मग अक्षरे तिच्याखाली सलग टांगत जातो आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळत नाही. त्यामुळे त्यांनी पहिल्या वाचनात 'अबदा' आणि 'गीर' असे दोन तुकडे केले आणि कोणी गोसावी साक्षीदार असावा असे अनुमान काढले. मी 'जोडून वाचा' म्हटल्यावर ते थांबले, चष्मा पुसला आणि हसले. खरेदी आमच्या घराची नव्हतीच. आमचा पूर्वज केवळ साक्षीदार होता. 'अमुक बिन तमुक अबदागीर' असा उल्लेख आहे, 'अबदागिरे' असा नाही. म्हणजे त्या पिढीपर्यंत ते आडनाव नव्हते, काम होते. जुन्या कागदांवर सही न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर असते, बाईची बांगडी असते. आमच्या पूर्वजाच्या नावापुढे पानासारखी एक आकृती आहे आणि तिच्या देठाची रेघ प्रमाणाबाहेर लांब आहे. भाऊ म्हणतो ते पिंपळाचे पान आहे. मी वाखरीला जाऊन आलेली आहे.

पुढे आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रथम 'अबदागिरे' दिसते. मुलाला शाळेत घालताना रजिस्टरात आडनावाचा रकाना भरावाच लागे, आणि गाव ज्या नावाने ओळखत होते ते मास्तरांनी भरले. गावात आजीला 'अबदागिरीण' म्हणत. पाटलीण, कुलकर्णीण हे शब्द सर्वांच्या कानांवर असतात. 'अबदागिरीण' ही हाक मी आयुष्यात फक्त एका बाईसाठी ऐकली.

आडनाव विरळ होणे हा एक भाग, आणि विरळ राहणे हा दुसरा. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये हाच प्रश्न गणिताच्या रूपात जाहीरपणे विचारला होता: प्रत्येक पुरुषाला होणाऱ्या मुलग्यांची शक्यता ठाऊक असेल, तर किती आडनावे किती पिढ्यांत नाहीशी होतील? हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने उत्तर दिले आणि सगळीच आडनावे कधी ना कधी संपतील असा निष्कर्ष काढला. तो पुढे चुकीचा ठरला, कारण दर पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील तर काही आडनावे टिकतात. सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र शेवट ठरलेला. पाटलांची हजार घरे असतात, एका घरी मुलीच झाल्या तरी नावाला धक्का लागत नाही. आमच्याकडे पणजोबांना तीन मुलगे. एक लहानपणीच प्लेगमध्ये गेला, एकाला चार मुलीच झाल्या, तिसरे माझे आजोबा. आजोबांचे दोन मुलगे, म्हणजे चुलते आणि अण्णा. चुलत्यांना एकच मुलगी. अण्णांना मी आणि भाऊ. भावाला दोन मुली. हा हिशेब करायला वॉटसन लागत नाही. आत्याने तो भावाच्या दुसऱ्या मुलीच्या बारशालाच, पाळण्याची दोरी हातात धरून, मोठ्याने करून दाखवला होता. वहिनी त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हती, आणि ते योग्यच होते.

भावाची थोरली मुलगी गेल्या वर्षी लग्न झाल्यावर अबदागिरेच राहिली. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, हे तिने सासरी शांतपणे समजावले. खरे कारण मात्र तिने मला खासगीत सांगितले. तिच्या आधार कार्डावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, पॅन कार्डावर दुसरे आणि पदवी प्रमाणपत्रावर तिसरे होते, कारण 'ब'नंतर 'ए' घालायचा की नाही हे प्रत्येक खिडकीवरच्या माणसाने स्वतः ठरवले. प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातली जाहिरात यांत दीड वर्ष घालवून तिने ती तिन्ही एक केली होती. "आत्या, एवढं करून मी आता हे सोडू?" असे तिचे म्हणणे होते.

मी स्वतः ते सोडून ३६ वर्षे झाली. बँकेने पाटील या नावाने पासबुक दिले, नोकरी पाटीलबाई म्हणून झाली, निवृत्तीवेतनही त्याच नावाने येते. माझे माहेरचे आडनाव रोजच्या वापरात एकाच ठिकाणी उरले आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने बँकेचे खाते उघडले, तेव्हा ओळख पटवण्यासाठी 'आईचे लग्नापूर्वीचे आडनाव' हा प्रश्न होता. त्याने लिहिलेले उत्तर कोणाला अंदाजाने सापडणे शक्य नव्हते, फोनवर पडताळणी करणाऱ्या मुलीला ते त्याला तीन वेळा अक्षरे फोडून सांगावे लागले, आणि चौथ्या वेळी तिने "अब्दुल गिरी, बरोबर?" असे विचारले.

हा मजकूर मी त्याला काल रात्री वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "आई, हे तू सगळ्यांना सांगणार असशील, तर मला आधी बँकेतलं उत्तर बदलू दे." आज सकाळी त्याने ते बदलले. नवे उत्तर काय ठेवले आहे, ते तो मला सांगायला तयार नाही.