कठड्याचे तीन फूट

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पारनेर तालुक्यातल्या एका गावात रब्बीच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. देवळाच्या सभामंडपात आम्ही, पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी, आमचा तक्ता लावला. निरीक्षण विहिरींची, म्हणजे पातळी मोजायला ठरवलेल्या विहिरींची, पातळी उतरलेली, तेव्हा कांदा कमी करा, असा त्याचा अर्थ.

गावची जलसेविका, म्हणजे गावातल्या विहिरी मोजून नोंद ठेवणारी बाई, वही घेऊन उठली. "दादा, सात नंबरचं माप चुकलंय. त्या विहिरीला उन्हाळ्यात कठडा बांधलाय. तुम्ही टेप कठड्यावरून सोडलाय."

तिचं बरोबर होतं. पातळी जमिनीपासून धरतात. टेप कठड्यावरून सोडला तर त्याची उंची वजा करावी लागते. इथे कठडा तीन फुटांचा आणि विहीर वीस फूट व्यासाची, म्हणजे कागदावरून सव्वीस हजार लिटर पाणी गेलं. शिवाय आमची मापं अकरा वाजताची, मोटारी चालू असतानाची. ती मोजते सकाळी सहाला, रात्रभरात विहीर भरून आल्यावर. आम्ही तक्ता उतरवला आणि तिच्या वहीवरून पुन्हा बेरीज केली.

पाणी थोडं वाढलं, पण सगळ्यांच्या कांद्याला पुरणारं नव्हतंच. माणशी रोज 55 लिटर धरले तर हजार माणसांना जूनअखेरपर्यंत दीड कोटी लिटर लागतात. ते आधी बाजूला काढायचे. एकरभर कांदा साधारण 22 लाख लिटर पितो, हरभरा दहा लाख. म्हणजे हजार माणसांचं नऊ महिन्यांचं पाणी सात एकर कांद्यात जातं. हा हिशेब फळ्यावर आला तेव्हा मंडप गप्प झाला. मग मागून एकेक जण आपल्या कांद्यातलं अर्धं रान हरभऱ्याला सांगू लागला. आमच्या तक्त्यावर हे झालं नसतं, आकडे गावचे होते म्हणून झालं.

पूर्वी आम्ही बांधबंदिस्ती करायचो, मजुरी वाटायचो, पाटी लावायचो. आता बंधारे पुष्कळ आहेत. अडवलेलं पाणी कोण किती उपसतं, हा खरा प्रश्न. उपसा थांबवायचा अधिकार संस्थेला नाही आणि नसावाही. आमचं काम मोजायला शिकवणं, चुकलेली बेरीज दुरुस्त करणं. कंपन्यांचा सीएसआर निधी मात्र अजून पोकलेनच्या तासांना चटकन मिळतो, वहीला नाही. जलसेविकेचं मानधन आम्ही देतो ते मार्चपर्यंतच. पुढचं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात धरावं, असा ठराव त्याच सभेत तिनंच मांडला.