जहाजावर रुमाल टाकू नये

क्रूझला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पहिली चर्चा झाली ती काट्या-चमच्यांची. म्हणजे समुद्र, वादळ, उलट्या हे सगळं नंतर, आधी टेन्शन हे की तिथं हातानं जेवलं तर लोक काय म्हणतील, वहिनीला गाऊन घालावा लागंल का, आणि धोतरातल्या आबांना दारातूनच परत पाठवलं तर काय करायचं. आम्ही लातूरची माणसं, आमच्याकडं पाणी म्हणजे मांजरा धरण, तेही भरलं तर, आणि मुंबई म्हणजे रात्रभराची रेल्वे, त्यामुळं जहाजावर कसं वागावं हे आम्हाला सांगणार तरी कोण. तर आता जाऊन आल्यावर सांगतो, काट्या-चमच्याचं कुणालाच काही पडलेलं नसतं. मुंबई-गोव्याच्या जहाजावर निम्मी जनता वरण-भात हातानंच कालवत होती आणि आबांच्या धोतराबरोबर तर लोकांनी सेल्फी काढले. तिथले खरे मॅनर्स आगीचे आणि पोटाचे, बाकी सगळं त्याच्या खालचं.

आगीची सुरुवात चढायच्या आधीच झाली. स्कॅनरमधून आत्याची बॅग गेली आणि तिथल्या पोरानं अगदी अदबीनं इस्त्री, पाणी तापवायची किटली, कापूर आणि उदबत्तीचा पुडा बाहेर काढून ठेवला. आत्या म्हणे, "देवाला बी लावायची नाही का रे?" तर म्हणे मावशी, उतरताना सगळं परत मिळंल, पावती घ्या. आत्या संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती, पण मला ते पटलं. जमिनीवर आग लागली तर माणूस घराबाहेर पळतो, इथं बाहेर म्हणजे समुद्र, आणि बंब कुठून येणार. २००६ साली स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजाला पहाटे आग लागली होती, तपासात बाल्कनीत पडलेल्या सिगारेटच्या थोटकावर बोट ठेवलं गेलं, आग एका बाल्कनीतून दुसरीत पसरत गेली आणि एक प्रवासी त्यात गेला. म्हणून बाल्कनीत बिडी-सिगारेट नाही, आणि कठड्यावर ओला टॉवेल पण वाळत टाकायचा नाही, वाऱ्यानं उडून कुठं जाऊन पडंल सांगता येत नाही. हेच खाली काही फेकण्याचं. आत्यानं गंगेला टाकतो तसं समुद्राला पैसे टाकायचं ठरवलं होतं (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, नांदेडच्या पुलावर गाडी आली की अजून लोक खिडकीतून नाणी टाकतात), पण वरच्या डेकवरून टाकलेलं नाणं खालच्या बाल्कनीतल्या माणसाच्या टकलावर बसंल हे सांगितल्यावर तिनं ते मुकाट्यानं पर्समधे ठेवलं.

मग ती ड्रिल, म्हणजे जहाजावर संकट आलं तर काय करायचं त्याची तालीम. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, त्याला मस्टर स्टेशन म्हणतात. माणसं नुकती चढलेली असतात, चहाचा वास यायलेला असतो, आणि हे म्हणतात आधी उभं राहा. आमच्या शेजारच्या ग्रुपमधला एकजण लाइफ जॅकेट घालून रीलच करत होता, पट्टा कसा लावायचा ते सांगणाऱ्या मुलीला म्हणे मॅडम जरा बाजूला होता का, फ्रेममधे यायलाव. मला तिथं खरंच राग आला. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ खडकाला घासून आडवी झाली आणि ३२ माणसं गेली, त्यात जे प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते त्यांची ड्रिल व्हायचीच होती, कारण तेव्हा चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१५ पासून नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी नाहीतर सुटल्या सुटल्या लगेच ड्रिल घ्यावीच लागते. म्हणजे ती दहा-पंधरा मिनिटं बत्तीस जणांच्या नावानं उभं राहायची आहेत एवढं डोक्यात असलं तरी पुरे, मग रील करा कितीबी.

आता पोट. जहाजावर एकाला जुलाब-उलट्या लागल्या की बघता बघता अर्धा मजला आडवा होतो. नोरोव्हायरस म्हणून प्रकार आहे, त्याला ते हाताला चोळायचं जेल फारसं भीत नाही, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात, म्हणून बुफेच्या तोंडाशीच बेसिन असतात आणि कर्मचारी उभा राहून हसत हसत हात धुवायला लावतो. आपल्याला याचं काही वाटत नाही, जेवायच्या आधी हात धुणं आपल्या अंगवळणी आहे. गडबड होते दुसऱ्या वाढीला. उष्टा हात पळीला लावायचा नाही हे आमच्याकडं चार वर्षाच्या पोराला बी कळतं, पण ती शिस्त पंगतीतली, तिथं वाढपी येतो. बुफेत वाढपी आपणच. मी एका काकांना बघितलं, उजव्या हाताला दही-भात, तो हात छातीशी दुमडून धरलेला, डाव्या काखेत रिकामी प्लेट, आणि डाव्याच हातानं चिमट्यात जिलेबी पकडायची कसरत चाललेली, जिलेबी दोनदा परत तबकात पडली, मागं रांग थांबलेली, पण त्यांनी उजवा हात काही चिमट्याला लावला नाही. शेवटी मागच्या गुजराती बाईंनीच त्यांच्या प्लेटमधे तीन जिलेब्या ठेवल्या. याच्याइतके सुंदर मॅनर्स मी त्या अख्ख्या जहाजावर दुसरीकडं बघितले नाहीत, टायवाल्यांत तर नाहीच.

रुमालाचं मात्र आम्ही घरूनच घेऊन गेलो होतो. एसटी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल, टोपी, वेळ पडली तर लेकरू पण आत टाकायचं, आणि एकदा रुमाल पडला की त्यावर आमदार बी बसू शकत नाही. मामांनी सकाळी सहालाच पोहायच्या टाकीजवळच्या चार आरामखुर्च्यांवर पंचे टाकले आणि खाली केबिनमधे जाऊन झोपले. नाश्ता करून येईपर्यंत चारी पंचे घडी घालून बाजूच्या टेबलावर आणि खुर्च्यांवर दिल्लीकडचं एक कुटुंब. मामा माझ्याकडं बघून, "रुमालाला हात लावायलेत की रे हे!" आता बऱ्याच जहाजांवर असंच आहे, अर्ध्या-पाऊण तासात माणूस आला नाही तर कर्मचारी सामान उचलतात. एसटीत रुमालामागं माणूस गर्दीतून घुसत येतच असतो म्हणून त्या रुमालाला इज्जत, इथं रुमालवाला खाली घोरत असतो. मामांना हे अजून पटलेलं नाही.

घोरण्यावरून आठवलं, केबिनच्या भिंती पातळ असतात आणि आमचे आवाज बांधावरून बोलायला घडलेले, रात्री कॉरिडॉरमधे "झोपलाव का रे" असं विचारलं की दहा केबिन्स उठतात. आबांनी मात्र कुणाला त्रास दिला नाही, ते फक्त लोकांनी चालू ठेवलेले नळ बंद करत फिरायचे. जहाज समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतं हे कळल्यावर केबिन साफ करणाऱ्या पोराला म्हणाले, "मग २०१६ ला आम्हाला मिरजेहून रेल्वेनं कशाला आणलं?" तो पोरगा रत्नागिरीकडचा निघाला, हसला, म्हणाला आजोबा, त्याला आधी समुद्र लागतो. त्या पोरांशी नीट बोलावं, छातीवर नावाची पट्टी असते, "ए" कशाला. एकेकजण महिनोनमहिने घरी गेलेला नसतो.

आणि उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, ते लोक रात्रीतच खाली नेतात, सकाळचे कपडे तेवढे हाताशी ठेवा. भाऊजींनी सगळ्या पँटी शिस्तीत भरून बॅग दहालाच बाहेर ठेवली आणि मुंबई बंदरावर आबांचं जादाचं धोतर नेसून उतरले.