आठ मिलिमीटरची नखं

लग्न मार्गशीर्षातलं, नवरी खानापूरकडची. शहापुरातल्या आमच्या पार्लरमध्ये ती आली तीच मुठी आवळून. नखं कुरतडायची सवय. त्यांवर अॅक्रिलिकची, म्हणजे पावडर द्रवात भिजवून घडवायची, लांब नखं करायची होती. अंगठ्याचा नेल बेड (नखाचा बोटाला चिकटलेला गुलाबी भाग) मोजला तर लांबी आठ मिलिमीटर, रुंदी अकरा; म्हणजे आडवाच. अशा नखावर साधं फ्रेंच (गुलाबी नख, पांढरं टोक) केलं की पांढरं भरमसाट आणि गुलाबी चिमूटभर दिसतं. इथं कव्हर पिंकच हवी. ही गुलाबी पावडर अपारदर्शक असते. ती मूळ नखाच्या टोकापुढे अडीच-तीन मिलिमीटर नेऊन तिथं नवी स्माइल लाइन (गुलाबी-पांढऱ्यामधली कमानदार रेघ) कोरायची, म्हणजे बेड तिथवर आहे असं वाटतं.

डबीतला रंग बघून पावडर घेऊ नये. ती झाकते किती, हे घट्ट झाल्यावर आणि घासल्यावरच कळतं. म्हणून मी प्रत्येक पावडरची द्रवात भिजवलेली एक गोळी फॉर्मच्या (नखाच्या टोकाखाली लावायच्या साच्याच्या) गुळगुळीत कागदावर पसरते, सुकल्यावर सोलून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासते आणि पेपरच्या मथळ्यावर ठेवते. अक्षरं वाचता आली तर ती पावडर बाद. त्या दिवशी तिनांतल्या दोन बाद झाल्या. उरलेली झाकत होती, पण गव्हाळ हातावर खडूसारखी दिसली. झाकण्यासाठी घातलेल्या पांढऱ्या रंगद्रव्याचा हा दोष. मग तिचे दोन भाग आणि त्याच कंपनीच्या पीच कव्हरचा एक भाग मिसळला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पावडरी मिसळू नयेत, त्यांत घट्ट करणारं पेरॉक्साइड कमीजास्त असतं. रंग खिडकीपाशी बघायचा. ट्यूबलाइटखाली सगळेच गुलाबी बरे दिसतात.

तयारी नेहमीचीच: क्युटिकल मागे, १८० च्या फाइलनं चमक घालवणं, ओलावा घालवणारं डिहायड्रेटर, पकड देणारा थोडासा प्रायमर. नखाचं पांढरं टोक फॉर्म बसेल एवढंच, अर्धा मिलिमीटर ठेवलं. जास्त ठेवलं तर तीच रेघ खालून डोकावते.

पहिल्या अंगठ्यालाच गडबड झाली. डिसेंबरातली सकाळ, खोली गार. थंडीत अॅक्रिलिक उशिरा घट्ट होतं, त्यात गोळी ओली घेतली गेली. ती मधून पसरून कडांच्या खोबणीत उतरली आणि उंचवटा राहिलाच नाही. आकार देताना दोन्ही बाजू घासून पातळ झाल्या. नवरीच म्हणाली, "ताई, आतली रेघ दिसूलालीय की ओ!" खरंच दिसत होती, मधे नाही, दोन्ही कोपऱ्यांत. वरून आणखी एक थर दिला असता तर रेघ झाकली असती, पण नख फुगलं असतं. ते सगळं उतरवलं.

खोली उबदार होऊ दिली (मोनोमरची, म्हणजे त्या द्रवाची, बाटली कशावर तापवायची नाही, ते ज्वलनशील आहे) आणि ब्रश वाटीच्या कडेला निपटून आधीपेक्षा कोरडी गोळी घेतली: एक भाग पावडर, दीड भाग द्रव. ब्रशवरून न ओघळणारी, नखावर ठेवल्यावर जागच्या जागी हळू सपाट होणारी. पहिली गोळी मूळ टोकाच्या रेघेवरच ठेवली, कारण जाडी तिथंच लागते. तिथून ती पुढे फॉर्मवर आणि दोन्ही कोपऱ्यांत दाबली. घट्ट झाल्यावर स्माइल लाइनची कड फाइलनं उभी कापली, भिंतीसारखी. ही भिंत तिरकी राहिली तर पांढरं गुलाबीवर चढतं आणि रेघ धुरकट होते. पांढरं चारच मिलिमीटर दिलं. नवरीला जास्त हवं होतं, पण मग गुलाबी पुन्हा आखूड दिसलं असतं.

क्युटिकलपाशी मात्र कव्हर अगदी पातळ, जवळजवळ शून्यावर आणली. नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, आणि अपारदर्शक गुलाबीमागे आलेलं नवं नख पारदर्शक पावडरपेक्षा लवकर उठून दिसतं. त्यामुळे फिलिंगची (मागची फट भरायची) तारीख आधीच दिली, अठराव्या दिवसाची. हळदीचं सांगितलं: आधी नखांना खोबरेल चोळायचं, नंतर पिवळेपणा राहिलाच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. अॅसिटोन लावायचं नाही, त्यानं अॅक्रिलिकच विरघळतं.