नाशकात न गळणारं पेन

गळक्या पेनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पेन गळत नसतंच. निबेच्या पाठीवर शाई पसरलेली असते, तीच बोटाला लागते. नाहीतर स्कूटरच्या डिकीत आदळून टोपणात सांडलेली असते. धुऊन, निब आणि जीभ (निबेखालची, शाई निबेपर्यंत आणणारी पट्टी) सरळ बसवून दिली की काम झालं. मेन रोडवरच्या आमच्या दुकानात जून-जुलैत अशी पेनं रोज येतात. पण एका मॅडमचं पेन अजून डोक्यातून जात नाही.

पेन अगदी साधं, शंभर रुपयांच्या आतलं. पारदर्शक नळी, आत ना रबरी ट्यूब ना कन्व्हर्टर, थेट नळीतच ड्रॉपरनं शाई भरायची. मॅडम मुंबईत सरकारी कार्यालयात आहेत, पंचवटी एक्स्प्रेसनं रोजचं अपडाऊन. दोन दुकानांनी त्यांना 'फेकून द्या, नवीन घ्या' सांगितलेलं. त्यातल्या एकानं आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळून दिली होती. ही टेप बघितली की माझं डोकं फिरतं. टेपेच्या जाडीवर पेन आवळलं की नळीचं तोंड फाकतं आणि प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते. म्हणजे नसलेली गळती कायमची लावून द्यायची. आट्यांना हवं असतं ते सिलिकॉन ग्रीस, तेही टाचणीच्या डोक्याएवढं. व्हॅसलीनही नको, रबराचा वायसर असेल तर तो त्यानं फुगतो.

टेप काढली, पेन कोमट पाण्यानं धुतलं. नळीच्या तोंडाला भिंग लावून बघितलं, चीर नव्हती. निब जिभेला टेकलेली आहे का ते उजेडासमोर धरून पाहिलं, मध्ये फट दिसली नाही. मग ग्रीस लावून शाई भरली आणि सांध्यांवर टिपकागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या: एक आट्यांवर, एक निब जिथं आत शिरते तिथं. शाई कुठून येते ते डोळ्यांआधी कागद सांगतो. पेन आडवं ठेवलं, उलटं ठेवलं, रात्रभर उभं ठेवलं. सकाळी दोन्ही पट्ट्या कोऱ्या.

मॅडम पेन घेऊन गेल्या आणि पुढच्या रविवारी टोपणात शाई घेऊन परत आल्या.

आमच्या दुकानातले जुने कारागीर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणाले, "ऐंशी रुपयांच्या पेनापायी किती वेळ घालवणार?" मला हे पटत नाही. ज्याला ऐंशीचंच पेन परवडतं किंवा आवडतं, त्यानं काय बोटं निळी करूनच फिरायचं?

मी मॅडमना विचारलं, "गळतं ते नेमकं कधी?"

"दादा, मी लिहूनच ठेवलंय," म्हणत त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली. ज्या दिवशी टोपणात शाई सापडली त्या तारखेवर लाल खूण. इतकं नेटकं टिपण देणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलेलं नाही. मॅडम दर रविवारी रात्री शाई भरायच्या. सोमवार-मंगळवारवर एकही खूण नाही, खुणा सगळ्या बुधवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार पुन्हा स्वच्छ. शाई सापडायची ती नेहमी रात्री घरी आल्यावर. सकाळी मुंबईत उतरताना पेन चांगलं असायचं.

डायरी बघताना मला वेफर्सचं पाकीट आठवलं. कल्याणला घेतलेलं पाकीट इगतपुरीला टम्म फुगलेलं असतं. नळीतली हवाही तशीच फुगणार, फक्त पाकीट बंद असतं आणि पेनाला निबेकडून वाट असते.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, नाशिकही साधारण तेवढ्याच उंचीवर. मुंबईहून इथं येईपर्यंत हवेचा दाब ६-७ टक्क्यांनी उतरतो. अशा नळीत दोन-अडीच मिलिलिटर शाई मावते. सोमवारी नळी भरलेली, फुगायला हवाच नाही. बुधवारपर्यंत निम्मी नळी रिकामी, म्हणजे सव्वा मिलिलिटर हवा. ती ६-७ टक्के फुगली की दीड-दोन थेंब शाई बाहेर ढकलते. जिभेवरच्या बारीक खाचा असतात त्या अशीच जादा शाई धरून ठेवायला, पण स्वस्त पेनात त्या मोजक्या आणि उथळ. सकाळी घाट उतरताना उलटं होतं, दाब वाढतो, बाहेरची हवा निबेतून आत शिरते, म्हणून तेव्हा गळत नाही. संध्याकाळी तीच जास्तीची हवा बाहेर पडायला बघते. पेन पर्समध्ये आडवं असलं की हवेच्या आणि निबेच्या मध्ये शाई असते, मग आधी शाईच बाहेर येते.

मॅडमना दोन गोष्टी सांगितल्या. मुंबईहून निघायच्या आधी नळी काठोकाठ भरायची, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात पेन निब वर करून उभं ठेवायचं. तेव्हापासून डायरीत लाल खूण नाही.

अण्णांना मात्र घाट मान्य नाही. त्यांचं म्हणणं, ऑफिसात दिवसभर एसी, तिथून बाई उकाड्यात येतात, पेन तापतं, हवा फुगते. हिशोब केला तर वीस अंशांवरून बत्तिसावर गेलेली हवा चार टक्क्यांच्या आसपास फुगते. म्हणजे अण्णांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नळी भरलेली आणि निब वर असली की घाट काय, उकाडा काय, दोन्हींचा बंदोबस्त होतो. त्यामुळे उपाय लागू पडला म्हणून माझं कारण खरं ठरत नाही, आणि हेच मला सलतंय.

म्हणून मॅडमना तसलंच दुसरं पेन दिलंय, निम्मं भरून, टोपणात टिपकागदाची पट्टी घालून. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते पर्समध्ये मुद्दाम आडवं ठेवायचं. ऑफिसातून निघाल्यावर एकदा कल्याणला टोपण उघडून पट्टी बघायची, मग इगतपुरीला. कल्याणपर्यंत चढ नाही, पण एसीतून निघून तासभर झालेला असतो. तिथंच पट्टी निळी झाली तर अण्णांचं खरं. कल्याणला कोरी आणि इगतपुरीला निळी निघाली तर घाटाचं. मॅडम हौसेनं तयार झाल्यात. अण्णांनी पट्टी स्वतः कापून दिली आणि माझ्या हातून नको म्हणून पेनही स्वतःच भरलं.