जुना अपराइट, भाग ३: डॅम्परने दमवलं

तर मंडळी, जुना अपराइट (उभा) पियानो दुरुस्त करतोय, आणि मागच्या भागात मी फुशारकी मारली होती की डॅम्परचं (पट्टी सोडली की तारेवर टेकून सूर बंद करणारा भाग) फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी, बदललं की काम फत्ते, ते शब्द गिळतोय. मधल्या सप्तकातले सात फेल्ट काढले, जुना सरस खरवडला, नवे चिकटवले, अख्खी अ‍ॅक्शन (हातोड्या आणि डॅम्पर असलेली आतली यंत्रणा) परत बसवली आणि पट्टी सोडली तरी सूर वाजतोच आहे, आधी वाजत होता तेवढाच! मी मुळात पेटीवाला, पेटीत पट्टी वर आली की हवा बंद, सूर बंद, विषय संपला. इथे तार आपली घुमतच राहते, तिला कोणीतरी हात लावून गप्प करावं लागतं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाजत राहिलेल्या सुराचा डॅम्पर बोटाने तारेवर दाबला, सूर झटकन बंद. म्हणजे फेल्ट ठीकच होतं (जुनंही ठीकच असणार, पैसे गेले), फक्त ते तारेवर नीट टेकत नव्हतं. उजव्या पेडलचा नट ताठ असला तर आतली दांडी डॅम्पर किंचित उचलून धरते, म्हणून पेडलला थोडी ढील ठेवायचीच, पण मग सगळेच सूर वाजले असते, माझे सातच. पेडल निर्दोष.

पुढचा संशय स्पूनवर. व्हिपनच्या (पट्टी दाबली की वर उचलला जाणारा, हातोडीला ढकलणारा भाग) मागे तो छोटा चमचा असतो ना, पट्टी दाबली की तोच डॅम्परच्या खालच्या टोकाला ढकलतो. हातोडी तारेच्या अर्ध्या वाटेवर आली की डॅम्पर हलायला लागला पाहिजे. मी उत्साहात दोन स्पून मागे वाकवले ते इतके, की डॅम्पर उठेनाच, नुसतं लाकडावर मारल्यासारखं टक टक. ते परत जागेवर आणायला अ‍ॅक्शन तीनदा बाहेर काढली, तीनदा! बायको म्हणाली पियानो विकत घेतलाय की व्यायामाचं सामान.

शेवटी अ‍ॅक्शन टेबलावर ठेवून एकेक डॅम्पर बोटाने मागे ओढून सोडला. बाकीचे सटकन परत येतात, हे सात मात्र येतायत आपले सावकाश, स्प्रिंग शाबूत असूनही. डॅम्परच्या सांध्यातली पिन बाहेर ढकलली तर हिरवी चिकट! आधीच्या मालकाने कधीतरी किरकिर थांबवायला शिलाई मशीनचं तेल सोडलेलं दिसतंय. पितळी पिन, भोवती लोकरीचं बुशिंग (भोकाचं अस्तर), त्यात तेल मुरलं की पितळेला हिरवा गंज चढतो आणि सांधा धरतो. वर ठाण्याचा जुलै, लोकर फुगलेलीच. तेव्हा कृपा करून तिथे तेल नको, कुठलाही स्प्रे तर नकोच.

नुसत्या दमटपणाने धरलं असेल तर स्पिरिटमध्ये थोडं पाणी घालून सुईने बुशिंगवर एक थेंब सोडायचा, लोकर आधी फुगून पिनेवर दाबली जाते आणि वाळली की तेवढी जागा मोकळी होते. मी दोघांवर करून बघितलं, दोन दिवस वाळू दिलं, काही फरक नाही, तेलापुढे स्पिरिटचं चालत नाही. मग सरळ पिनाच बदलायला घेतल्या. जुनी काढायची, बुशिंग रीमरने (भोक घासून रुंद करायचं हत्यार) अगदी हलकं साफ करायचं, अर्धा नंबर मोठी पिन घालायची (माझ्या २० होत्या, २०.५ घातल्या), आणि स्प्रिंग बाजूला करून बघायचं की डॅम्परचा लिव्हर आपल्या वजनाने खाली येतो का आणि डावी-उजवीकडे डुलत तर नाही ना. पहिला मी जास्त रीम केला, डुलायला लागला, त्याला २१ घालावी लागली.

पाच झाले, पाचही सूर कापल्यासारखे थांबतात. दोन बाकी, पिना संपल्या, पार्सल वाटेत आहे. आणि मेसेज करून विचारणाऱ्यांसाठी: सगळ्यात वरचे पंधरा-वीस सूर सोडल्यावरही वाजत राहतात तो बिघाड नाही, तिथे डॅम्पर नसतातच, उगाच शोधत बसू नका. मी अर्धा तास शोधले होते.