असेनिसिपिया मुक्कामी

विमान शिकागोला उतरताना खिडकीशी बसलेला पाहुणा गाडीत बसल्याबसल्या विचारतोच, "अहो, ही शेतं, हे रस्ते पट्टीनं आखलेत की काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. हो, पट्टीनंच. १७८५ च्या कायद्यानं सहा मैल बाजूचे चौकोन पाडले, प्रत्येकाचे ३६ तुकडे केले, एकेक ६४० एकरांचा. त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव.

पण रेघा मारायची हौस त्याआधीची. स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८३ च्या तहात इंग्रजांनी मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला सोडला आणि १ मार्च १७८४ ला थॉमस जेफरसनच्या (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) समितीनं त्याची नवी राज्यं आखून काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, ठेवली. दोन-दोन अक्षांशांच्या आडव्या पट्ट्या, मधून उभ्या रेघा. डोंगर, नद्या बघायचं कारण नाही. तिथे राहणाऱ्या शॉनी, मायामी या मूळ जमातींना विचारायचं तर नाहीच. चांगलं इतकंच की ही राज्यं वसाहती म्हणून नव्हे, जुन्या तेरा राज्यांच्या बरोबरीनं येणार होती.

दहा राज्यांचं बारसंही उरकलेलं! मिशिगानिया, इलिनोइया एक वेळ ठीक. पण मेट्रोपोटेमिया? पॉलिपोटेमिया? पेलिसिपिया? मिशिगनच्या द्वीपकल्पाला ग्रीक वळणाचं चेरोनेसस. आमचं शिकागो असेनिसिपियात गेलं असतं. "मुलगा कुठे असतो हो?" "असेनिसिपियाला." काँग्रेसनं नावं गाळली, आई वाचली.

गाळलेलं आणखी एक कलम मात्र हसण्यासारखं नाही. १८०० नंतर या सगळ्या मुलखात गुलामी नको, असं त्यात होतं. (लिहिणाऱ्या जेफरसनच्या घरी गुलाम होते, तेही सांगायला हवं.) कलम राहायला सात राज्यांची मतं हवी होती, सहा पडली. राज्याचं मत धरायला निदान दोन प्रतिनिधी हजर लागत. न्यू जर्सीचा एकच सभागृहात होता, त्यानं बाजूनं मत दिलं, ते मोजलं गेलं नाही. दुसरा, जॉन बीटी, आजारी होऊन खोलीवर पडला होता.

१७८७ च्या कायद्यात बंदी आली, पण फक्त ओहायो नदीच्या उत्तरेला. राज्यंही दहाऐवजी तीन ते पाच ठरली. दक्षिणेला, अलाबामा-मिसिसिपीत, पुढे कापूस गुलामांनीच वेचला.

इथवर येईतो पाहुण्यांचं लक्ष बाहेर गेलेलं असतं. दर मैलाला एक चौक येतो, आणि ते मोजू लागतात.